शाळू, हायब्रीड की ‘परभणी शक्ती’? भाकरीतल्या स्टार्चचा हिशेब

हिंगोली जिल्ह्यात खरिपाची शिवारे आता सोयाबीनने भरलेली दिसतात, वसमतच्या बाजूला हळदीने. ज्वारीचा पेरा घटला, पण भाकरी सुटलेली नाही. त्यामुळे एकेकाळी घरची ज्वारी खाणारी अनेक कुटुंबे आता ती विकत घेतात आणि दुकानदाराला पहिला प्रश्न विचारतात: शाळू आहे की हायब्रीड? दोन्हींच्या भावात फरक असतो. मग अंगी लागण्यातही तेवढाच फरक असतो का?

आधी आकडे पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६० ग्रॅम स्टार्च म्हणजे पिष्ट असते. बाजरीत ५५ च्या आसपास, तर पांढऱ्या तांदळात ७१. तंतू ज्वारीत १० ग्रॅम, तांदळात तीनपेक्षाही कमी. म्हणजे ‘ज्वारीत साखर नसते, मधुमेह असला तरी कितीही खा’ हा गावोगावी मिळणारा सल्ला चुकीचा आहे. पिष्टाची शेवटी साखरच होते. ज्वारीत ती सावकाश होते, इतकेच. चार भाकरी खाल्ल्या तर चार भाकरींची साखर रक्तात येणारच.

सावकाश का? ज्वारीच्या दाण्यात पिष्टाच्या कणांभोवती काफिरिन नावाच्या प्रथिनाचे घट्ट जाळे असते. पाचक रसांना ते ओलांडून आत शिरावे लागते. हे प्रथिन स्वतःही शिजल्यावर आणखी चिवट होते आणि त्यात लायसिन कमी असते. म्हणून भाकरीसोबत वरण किंवा पिठले हवेच.

आता वाणांकडे. पिष्टाचे दोन प्रकार असतात: सरळ साखळीचे अमायलोज आणि फांद्या फुटलेले अमायलोपेक्टिन. नेहमीच्या ज्वारीत अमायलोज साधारण पाव हिस्सा असते. ते जास्त असेल तर शिजलेले पीठ मोकळे राहते आणि पचायला वेळ लागतो. कमी असेल तर चिकट होते. भाकरी शिळी झाली की हेच अमायलोज पुन्हा घट्ट होते आणि पिष्टाचा थोडा भाग न पचता मोठ्या आतड्यापर्यंत जातो. दूध-भाकरी किंवा ताक-भाकरी खाणाऱ्यांना हा फायदा मिळतो, पण थोडाच. शिळी भाकरी म्हणजे औषध नाही.

शाळू आणि खरिपाच्या ज्वारीत खरा फरक हवामानाने पडतो. मालदांडी (एम ३५-१) किंवा ‘परभणी मोती’सारखे रब्बी वाण कोरड्या हवेत पक्व होतात. दाणा टपोरा, मोत्यासारखा राहतो. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित वाण आला आणि खरिपाचे उत्पादन वाढले. पण कणीस भरताना पाऊस लागला की बुरशीने दाणा काळा पडतो, कधी कणसातच मोडही फुटतात. मोड फुटताना दाण्यातली विकरे पिष्ट तोडून साखर करू लागतात. अशा पिठाला विरी राहत नाही. भाकरी थापताना चिरते. ज्वारीत ग्लूटेन नसल्याने भाकरी धरून ठेवण्याचे काम पिष्टालाच करावे लागते. विरी गेलेले पीठ उकळत्या पाण्यात भिजवतात ते त्यासाठीच: ७० अंशांच्या आसपास पिष्ट फुगते आणि पीठ एकमेकांना धरते. ‘हायब्रीडची भाकरी चांगली होत नाही’ या तक्रारीत वाणाइतकाच पावसाचाही दोष आहे.

पिष्टाचे प्रमाण वाणावाणात थोडेफार बदलते, पण पोषणाच्या दृष्टीने मोठी तफावत त्याच्या सोबतीला काय आहे यात दिसते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या सहकार्याने २०१८ मध्ये दिलेल्या ‘परभणी शक्ती’ या वाणात किलोला ४० मिलिग्रॅमहून अधिक लोह आणि ३० च्या वर जस्त आहे. साध्या वाणांत हे आकडे ३० आणि २० च्या आसपास असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. ज्या घरात दोन्ही वेळा भाकरीच असते, तिथे दाण्यातले हे चार-दोन मिलिग्रॅम मोजण्यासारखे आहेत. मात्र धान्यातले सगळे लोह अंगी लागत नाही, कारण त्यातले फायटेट ते अडवते. जेवताना लिंबू पिळले तर शोषण सुधारते. जेवणावर लगेच चहा घेतला तर घटते.

घरी खाण्यापुरती अर्धा-एक एकर ज्वारी करणाऱ्यांसाठी आणखी एक बाब. ‘परभणी शक्ती’ हा संकरित नसलेला, सरळ वाण आहे. चांगली कणसे निवडून ठेवली तर तेच बी पुढच्या हंगामात पेरता येते. पण तो खरिपाचा आहे. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की दाणा पक्व झाला असे समजावे आणि उघडीप मिळताच काढणी उरकावी.