आधी जाहिरात वाचा, मग अर्ज करा

वाचकहो, सरकारी नोकरी ही आपल्याकडे साऱ्या घराची आशा असते. मुलगा अभ्यासासाठी शहरात खोली घेऊन राहतो. आईबाप पोटाला चिमटा घेऊन भाडे भरतात. दोन-तीन वर्षे जातात आणि पुष्कळांच्या हाती काही लागत नाही. जागा थोड्या आणि अर्ज फार, हे खरेच. पण आम्ही शाळेत पुष्कळ वर्षे काढली. कित्येक हुशार मुले साध्या चुकांमुळे मागे राहिलेली आम्ही पाहिली आहेत. त्या चुका कोणत्या, ते या पाठात पाहू. तुमची मुले परीक्षेला बसणार असतील, तर हा पाठ त्यांना जवळ बसवून वाचा.

पहिली चूक : ऐकीव माहितीवर विसंबणे

महाराष्ट्रातील पोलीस शिपाई भरतीचे उदाहरण घ्या. २०२१ साली झालेल्या भरतीत लेखी परीक्षा आधी होती. २०२२ साली नियम बदलले आणि मैदानी चाचणी आधी आली. आता ज्याचा चुलतभाऊ जुन्या नियमाने भरती झाला, तो घरी काय सांगणार? "आधी पुस्तके वाच, मैदानाचे मागाहून बघू." सांगणारा खोटे बोलत नाही, पण त्याची माहिती शिळी झालेली असते.

म्हणून जाहिरात आपण स्वतः वाचावी. मोबाईलवर फिरणारा निरोप म्हणजे जाहिरात नव्हे. ज्या खात्याची भरती, त्या खात्याच्या संकेतस्थळावर मूळ जाहिरात मिळते. ती छापून घ्यावी आणि पाच गोष्टींखाली रेघ ओढावी : वय, शिक्षण, कागदपत्रे, गुणांची वाटणी आणि शेवटची तारीख.

दुसरी चूक : कागदपत्रे शेवटी गोळा करणे

तहान लागल्यावर विहीर खणू नये. दाखला आज मागितला आणि उद्या हातात पडला, असे होत नाही. नॉन क्रिमीलेअर दाखल्याला मुदत असते. ती कधी संपते, हे आजच पाहून ठेवा. रेल्वे, टपाल अशा केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी इतर मागासवर्गाचा दाखला वेगळ्या नमुन्यात लागतो. राज्याच्या नमुन्यातला दाखला तेथे चालत नाही.

नावाचेही तसेच. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, आधार कार्डावर दुसरे, असे असेल तर अडचण येते. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी याकडे विशेष लक्ष द्यावे. सगळी कागदे समोर मांडा आणि नाव व जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. फरक असेल, तर जाहिरात निघण्याआधीच दुरुस्त करून घ्या.

तिसरी चूक : एकाच बाजूची तयारी

शिपाई भरतीत मैदानाला ५० गुण आणि लेखी परीक्षेला १०० गुण असतात. मैदानात निम्मे, म्हणजे २५ गुण मिळाले नाहीत, तर लेखी परीक्षेला बोलावणेच येत नाही. पुरुषांना १६०० मीटर, स्त्रियांना ८०० मीटर धावावे लागते. शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. काही मुले नुसतीच पळतात. गोळा हातात धरीत नाहीत. पण गोळाफेकीला १५ गुण आहेत, हे विसरून कसे चालेल?

लेखी परीक्षेत अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान हे विषय असतात. अंकगणिताची भीती वाटते म्हणून ते बाजूला ठेवू नये. उलट तेच आधी घ्यावे, रोज थोडे थोडे.

चौथी चूक : पुस्तके फार, सराव थोडा

एका विषयाची चार पुस्तके आणावयाची आणि एकही पुरे वाचावयाचे नाही, ही सवय वाईट. त्यापेक्षा एकच पुस्तक तीनदा वाचावे. शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत ९० मिनिटांत १०० प्रश्न सोडवावे लागतात. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिटही नाही. ५४ सेकंद झाली. हा वेग वाचून येत नाही, सोडवूनच येतो. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्या. चुकलेले प्रश्न वेगळ्या वहीत उतरावे आणि दर रविवारी तीच वही वाचावी.

पाचवी चूक : अंदाजाने ठोकून देणे

शिपाई भरतीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तेथे एकही प्रश्न कोरा सोडू नये. पण रेल्वेच्या परीक्षेत तीन उत्तरे चुकली, की एक गुण जातो. हा हिशोब नीट पाहा. एकाची ६० उत्तरे बरोबर आली आणि ३० चुकली. त्याचे १० गुण गेले, राहिले ५०. दुसऱ्याची ५५ बरोबर आणि ६ चूक. त्याचे २ गेले, राहिले ५३. कमी प्रश्न सोडवूनही दुसरा पुढे गेला! म्हणून गुण कापतात की नाही, हे जाहिरातीत आधी पाहावे.

सहावी चूक : दलालाला पैसे देणे

"वर ओळख आहे, काम करून देतो," असे म्हणणारा माणूस दहा घरांतून पैसे घेतो. त्यांतली दोन मुले आपल्या गुणांवर निवडली गेली, की ते श्रेय तो स्वतःकडे घेतो. बाकीच्या आठ घरांचे शेत किंवा दागिना गेलेला असतो. परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध केंद्र सरकारने २०२४ साली कायदा केला. केंद्राच्या परीक्षांत पेपर फोडणाऱ्याला त्यात तीन ते पाच वर्षे तुरुंग आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. जाहिरातीत लिहिलेल्या फीखेरीज एक पैसाही कोणाला देऊ नका.

शेवटी एक सांगणे. वय थांबत नाही. शिपाई भरतीला खुल्या वर्गासाठी २८ वर्षे आणि मागासवर्गासाठी ३३ वर्षे ही मर्यादा असते. म्हणून अभ्यासाबरोबर एखादे कामही शिकत राहावे. नोकरी मिळाली तर आनंदच आहे. न मिळाली, तरी मुलाने घरी मान खाली घालून बसू नये आणि आपणही त्याला टोचून बोलू नये.

आता सांगा पाहू :

१. जाहिरातीतील कोणत्या पाच गोष्टींखाली रेघ ओढावी?

२. रेल्वेच्या परीक्षेत एका मुलीची ४८ उत्तरे बरोबर आली आणि ९ चुकली. तिला किती गुण मिळतील?

३. तुमच्या घरातील दाखल्यांवर नाव सारखेच आहे काय? आज काढून पाहा.