ऑनलाइन दुकानात एकाच मालाची मापे, रंग आणि प्रकार कसे नोंदवावेत?

जयपुरी रजई सिंगल आणि डबल अशा दोन मापांत आणि अनेक रंगांत मिळते. ती ऑनलाइन विकायला ठेवताना काही विक्रेते एकच फोटो टाकून खाली ‘सर्व रंग उपलब्ध’ असे लिहितात. ग्राहक निळी डबल मागवतो, दुकानात लाल सिंगल उरलेली असते आणि ऑर्डर रद्द करावी लागते.

व्हेरिएंट कशाला म्हणावे?

माल तोच, बनवण्याची रीत तीच, फक्त माप किंवा रंग वेगळा असेल तर तो व्हेरिएंट. तो एकाच मुख्य नोंदीखाली घ्यावा. मात्र प्रत्येकाला स्वतःचा एसकेयू क्रमांक, फोटो, किंमत आणि शिल्लक साठा द्यावा.

कापड किंवा छपाईची पद्धत बदलली, तर नोंद वेगळी करावी. सांगानेरी हातछपाईला भौगोलिक मानांकन आहे. तीच नक्षी स्क्रीनने छापलेली चादर ‘स्वस्त व्हेरिएंट’ म्हणून तिच्याखाली जोडू नये. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार माल जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. शिवाय हाताने छापणाऱ्या कारागिराचा भाव त्यामुळे पडतो, हे नुकसान मोठे आहे.

माप बदलले की करही बदलू शकतो

ही बाब हमखास नजरेतून सुटते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुती रजई आणि तयार कपड्यांवर प्रति नग २,५०० रुपयांपर्यंतच्या विक्रीमूल्यावर ५ टक्के, त्यापुढे १८ टक्के जीएसटी आहे.

समजा, सिंगल रजई १,६०० रुपयांना आणि डबल २,८०० रुपयांना आहे (कर वगळून). सिंगलवर ८० रुपये कर, डबलवर ५०४ रुपये. मुख्य नोंदीवरचा ५ टक्के दर डबललाही तसाच लागू राहिला, तर ग्राहकाकडून १४० रुपयेच घेतले जातील आणि प्रत्येक डबल रजईमागे उरलेले ३६४ रुपये आपल्या खिशातून जातील. म्हणून कराचा दर प्रत्येक व्हेरिएंटला स्वतंत्रपणे भरावा. भाव २,५०० च्या आसपास असेल, तर दर बदलताना ही रक्कम पुन्हा तपासावी.

मदत कुठे मिळेल?

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाने २७ जून २०२४ रोजी ‘टीम’ उपक्रम सुरू केला. यातून सूक्ष्म व लघु उद्योगांना ओएनडीसीवर येण्यासाठी, मालाची यादी तयार करण्यासाठी, पॅकिंग व वाहतुकीसाठी साहाय्य मिळते. ५ लाख उद्योगांचे उद्दिष्ट असून त्यातील निम्मे महिलांचे असावेत, असे ठरले आहे. अर्जासाठी उद्यम नोंदणी हवी. अर्जापूर्वी प्रत्येक माप व रंगाचा फोटो, किंमत आणि साठा एका वहीत लिहून ठेवावा. यादी करताना हीच माहिती मागितली जाते.