हात आणि काम : द्राक्षबागेतलं पेस्टिंग

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कूलंटने हात कसे फुटतात, ते मागच्या भागात पाहिलं. आज बागेत जाऊ. गोडी छाटणी झाली की दिंडोरी-निफाडकडे पेस्टिंगची घाई सुरू होते. आपल्याकडे कडाक्याची थंडी नाही, त्यामुळे छाटलेल्या काडीवरचे डोळे एकसारखे फुटत नाहीत. शेंड्याचा आधी फुटतो, मागचे रेंगाळतात. म्हणून हायड्रोजन सायनामाइड पाण्यात कालवून एकेका डोळ्याला लावतात. पेठ-सुरगाण्याहून आलेले मजूर हे काम करतात. एका हातात डबा, दुसऱ्यात कापडाचा बोळा. बोळा दाबला की द्रावण बोटांमधून मनगटापर्यंत ओघळतं, आणि हे दिवसभर चालतं.

हे रसायन कातडी थेट भाजतं. आधी बोटांच्या बेचक्यांत आग, मग लाली, फोड, शेवटी सालं निघतात. त्यासाठी ॲलर्जी असावी लागत नाही. पुरेसं लागलं तर कुणाचाही हात भाजेल. काहींना मात्र त्याची ॲलर्जीही जडते आणि पुढच्या हंगामात जरासं लागलं तरी एक-दोन दिवसांत पुरळ उठतं. संशय ॲलर्जीचा असेल तर त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात : पाठीवर द्रव्यांच्या पट्ट्या लावायच्या, 48 तासांनी काढायच्या, नंतर पुन्हा एकदा पाठ तपासायची.

सुती हातमोजे घालू नयेत. ते द्रावण शोषतात आणि कातडीला चिकटवून ठेवतात. नायट्राइलचे, मनगटाच्या वर जाणारे हवेत, आणि फाटले की लगेच बदलायला हवेत. संध्याकाळी धुण्याच्या पावडरीने हात घासण्याची सवयही वाईट. सोललेल्या कातडीतला उरलासुरला तेलकटपणा तिने जातो. भरपूर पाणी, सौम्य साबण, वर व्हॅसलिन.

दारूचं तर मुद्दाम सांगतो. हे रसायन कातडीतूनही अंगात जातं आणि दारू पचवणारी यंत्रणा अडवतं. मग थोड्याशा दारूनेही चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, मळमळतं. बघणारे म्हणतात, जास्त झाली असेल. पेस्टिंगच्या आधी आणि नंतरचे काही दिवस दारू पूर्ण बंद हवी, हे मजुराला कामाला लावतानाच सांगायला हवं.

युरोपीय संघाने 2008 साली सायनामाइडला मान्यता नाकारली. ते हाताळणाऱ्यांना असलेला धोका हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. आपल्याकडून तिकडे जाणाऱ्या द्राक्षांतले रसायनांचे अंश प्रयोगशाळेत तपासले जातात. ते लावणारे हात कोण तपासतं? रसायनांच्या स्पर्शाने होणारा त्वचादाह 1948 च्या कारखाने कायद्याने व्यवसायजन्य आजारांच्या यादीत घेतला होता. पण बाग म्हणजे कारखाना नव्हे, त्यामुळे मजुराच्या हाताला त्या यादीचा आधार मिळाला नाही. हा उघड अन्याय आहे.

हात भाजलाच तर दवाखान्यात जाताना औषधाच्या बाटलीचं लेबल सोबत न्या. रसायनाचं नाव कळलं नाही तर डॉक्टर खरजेचं मलम देऊन मोकळे होऊ शकतात.