शिक्षणहक्क, बालकांचा

जात, धर्म, लिंग, भाषा, शारीरिक स्थिती किंवा पालकांची आर्थिक कुवत यांच्या आधारे भेद न होता प्रत्येक बालकास ठराविक वयापर्यंत मोफत शिक्षण मिळण्याचा अधिकार. हा हक्क बालकाचा असून तो प्रत्यक्षात आणण्याचे कर्तव्य मुख्यतः शासनाचे असते. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातील २६ व्या अनुच्छेदाने प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे असावे, असे घोषित केले. १९८९ च्या बालहक्क संहितेने (अनुच्छेद २८ व २९) त्यास करारात्मक स्वरूप दिले. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली.

संयुक्त राष्ट्रांच्या शिक्षणहक्कविषयक पहिल्या विशेष प्रतिवेदक कातारिना तोमाशेव्हस्की (१९५३–२००६) यांनी या हक्काच्या चार कसोट्या मांडल्या : शाळा असणे (उपलब्धता), तेथे सर्वांना पोहोचता येणे (सुगमता), तेथील शिक्षण दर्जेदार व सन्मानपूर्वक असणे (स्वीकार्यता), आणि मुलाच्या परिस्थितीप्रमाणे शाळेने स्वतःत बदल करणे (अनुकूलता). युद्ध, दारिद्र्य, बालमजुरी, बालविवाह, अपंगत्व व परकी अध्यापनभाषा हे जगभरातील प्रमुख अडसर होत. युनेस्कोच्या २०२४ मधील अंदाजानुसार सु. २५ कोटी मुले व तरुण शाळेबाहेर होते. अफगाणिस्तानात २०२१ पासून सहावीपुढील मुलींना शाळा बंद झाल्या.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरला. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) यांनी सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग प्रथम अमरेली तालुक्यात केला व १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडलेले विधेयक पुढील वर्षी फेटाळले गेले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आदेश काढला.

मराठवाड्याची स्थिती यांहून वेगळी होती. हा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे शासनाची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी मुलास त्यामुळे शिक्षणाची पुढची पायरी परक्या भाषेत चढावी लागे. खाजगी शाळांवर शासनाची कडक नजर असे. अशा काळात हिप्परगा, अंबाजोगाई आदी ठिकाणच्या शाळांनी मराठी शिक्षणाची वाट मोकळी ठेवली. या दोन्ही ठिकाणी स्वामी रामानंद तीर्थ (१९०३–७२) यांनी अध्यापन केले. येथे शिक्षणाचा प्रश्न व मुक्तिलढा हे परस्परांशी जोडलेले होते.

कायदेशीर तरतुदी : संविधानाच्या ४५ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांस दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले; ते मुदतीत साध्य झाले नाही. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने (अनुच्छेद २१-क) सहा ते चौदा वर्षे वयोगटासाठी शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. त्यास अनुसरून केलेला २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. वयाचा पुरावा किंवा शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कधीही शाळेत न गेलेल्या मुलास वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण द्यावे लागते. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. आणि शक्य तितके अध्यापन मातृभाषेत व्हावे, असे त्यात नमूद आहे.

सीमाभागातील भाषाप्रश्न : नांदेड जिल्ह्यातील देगलूर हा तेलंगण व कर्नाटक यांना लागून असलेला तालुका. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला, तेव्हा या तालुक्याची बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आंध्र प्रदेशाकडे गेली. राज्याची सीमा आखली गेली, तरी घरातील भाषा तिच्याप्रमाणे विभागल्या जात नाहीत. या पट्ट्यात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दू बोलल्या जातात. बंजारा तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. तांड्यावरील मुलास पहिलीत पाठ्यपुस्तकाची मराठी जवळजवळ नव्याने शिकावी लागते. त्याचे मौन हे मंदबुद्धीचे लक्षण समजले गेल्यास ते मूल मागे पडते व पुढे शाळा सोडते.

हंगामी स्थलांतर : कोरडवाहू मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून आणि नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या काही भागांतूनही, ऊसतोडणीसाठी कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेले पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. दोघेही फडात असल्याने लहान भावंडास सांभाळण्याचे काम बहुधा थोरल्या मुलीकडे येते. शाळा जूनमध्ये सुरू होते. गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे दुसरे सत्र जवळजवळ पूर्ण बुडते. मुलाचे नाव गावच्या शाळेच्या पटावर राहते, पण मूल फडावर असते. कर्नाटकात गेलेल्या मुलांपुढे माध्यमाचीही अडचण उभी राहते.

यावर कारखान्यांच्या परिसरातील साखरशाळा व मुलांना गावीच ठेवणारी हंगामी वसतिगृहे असे दोन उपाय योजले गेले. टोळ्या फड बदलत असल्याने साखरशाळेत सातत्य राखणे कठीण जाते. वसतिगृह हंगामाच्या आरंभीच सुरू न झाल्यास मूल आईवडिलांबरोबर निघून जाते.

२०११ च्या जनगणनेनुसार साक्षरतेचे प्रमाण राज्यात सु. ८२, लातूर जिल्ह्यात सु. ७७ व नांदेड जिल्ह्यात सु. ७५ टक्के होते. गावोगावी शाळा निघाल्याने पहिली कसोटी बऱ्याच अंशी पूर्ण झाली आहे. उणीव राहते ती मुख्यतः चौथीत. मुलाची भाषा व कुटुंबाच्या रोजगाराचे वेळापत्रक यांची दखल शाळेने घेतली, तरच पटावरील नोंदीचे प्रत्यक्ष शिक्षणात रूपांतर होऊ शकते.