प्रवासातील पांघरुणे आणि अॅलर्जी : देपालपूर परिसराच्या संदर्भात

देपालपूर हे इंदूर जिल्ह्यातील तहसिलीचे ठिकाण इंदूर शहरापासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर आहे. माळव्याच्या काळ्या जमिनीवरील हा भाग होळकरांच्या राज्यात होता. याच तहसिलीतील गौतमपुरा हे गाव मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाने वसलेले आहे. त्यामुळे येथील काही कुटुंबांचे पुणे, नाशिक, मुंबईकडे नात्यागोत्याचे जाणे-येणे आजही चालू असते. हा प्रवास प्रामुख्याने रस्त्याने होतो. कोणी रात्रीच्या स्लीपर बसने जातो, कोणी इंदूरहून रेल्वे पकडतो, तर लग्नकार्यासाठी निघालेले मोठे कुटुंब स्वतंत्र गाडीच ठरवते. अलीकडे यात झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या कॅराव्हॅनची, म्हणजे चालत्या घराची, भर पडली आहे. मध्य प्रदेश पर्यटन विकास महामंडळाने अशा गाड्या काही वर्षांपूर्वीच आणल्या आणि महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले.

वाहन कोणतेही असो, निघताना एक काम ठरलेले असते. पेटीतील किंवा माळ्यावरील रजया, ब्लँकेटे, सोलापुरी चादरी काढून गाडीत टाकणे. पहिल्याच रात्री एखाद्याला शिंकांची माळ लागते, एखाद्या मुलाची छाती घरघरू लागते, तर कोणाच्या मानेवर व कोपराच्या लवणीत पुरळ उठते. घरातील वडीलधारी माणसे यावर एकच निदान करतात, ते म्हणजे "लोकर सोसत नाही". त्यानंतर ब्लँकेट बाजूला पडते, दुसरे घेतले जाते आणि त्रास तसाच राहतो. बऱ्याच वेळा दोष पांघरुणाच्या तंतूत नसतो. तो त्या तंतूंच्या आड साठलेल्या गोष्टींत असतो किंवा गाडीच्या बंद हवेत असतो. ही फोड नीट झाली नाही तर दम्याच्या रोग्याला मध्यरात्री, दवाखाना दूर असलेल्या रस्त्यावर, जिवावरचा प्रसंग ओढवू शकतो.

एका शब्दाखाली अनेक विकार

'अॅलर्जी' हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये रूढ केला. विकाराचे निरीक्षण मात्र फार जुने आहे. अबू बक्र अल-राझी या हकिमाने सुमारे अकराशे वर्षांपूर्वी एका लहानशा ग्रंथात अबू झैद अल-बल्खी या विद्वानाला वसंत ऋतूत, गुलाब फुलले की होणाऱ्या सर्दीची चर्चा केली आहे. ऋतू आणि विकार यांची सांगड घालणाऱ्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक मानली जाते. बाराव्या शतकाच्या अखेरीस कैरो येथे वैद्यकी करणाऱ्या मूसा बिन मैमून यांनी दम्यावर अरबीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्यात रोगी राहतो त्या ठिकाणच्या हवेला मोठे महत्त्व दिले.

आधुनिक वैद्यकात वावड्याचे दोन प्रकार येथे लक्षात घ्यावे लागतात. पहिला तात्काळ प्रकार. यात शरीराने आधीच तयार केलेली आयजीई नावाची प्रतिपिंडे काही मिनिटांत काम सुरू करतात. शिंका, नाक वाहणे, डोळे खाजणे, गांधी उठणे, दमा ही त्याची लक्षणे होत. दुसरा विलंबित प्रकार. यात रक्तातील पांढऱ्या पेशी भाग घेतात आणि पुरळ उठायला एक ते तीन दिवस लागतात. या दोहोंखेरीज तिसरी गोष्ट म्हणजे साधी चुरचुर, जिला अॅलर्जी म्हणताच येत नाही. लोक तिघांनाही एकच नाव देतात आणि गोंधळ तेथून सुरू होतो.

पांघरुणातील सूक्ष्म जीव

घरातील धुळीत नेमके काय असते, याचे उत्तर १९६० च्या दशकात हॉलंडमधील लायडन येथे फूरहोर्स्ट, स्पीक्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. धुळीतील मुख्य दोषी घटक म्हणजे धुळीतील माइट हा कोळ्याच्या कुळातील, आठ पायांचा, सुमारे पाव मिलिमीटर लांबीचा जीव. तो चावत नाही, रक्त पीत नाही. माणसाच्या अंगावरून झडलेल्या कातडीच्या कोंड्यावर तो जगतो. त्रास होतो तो त्याच्या विष्ठेच्या कणांमुळे, कारण त्यांत त्याच्या आतड्यातील पाचक विकरे असतात आणि ती श्वासनलिकेच्या अस्तराला डिवचतात. हे कण तुलनेने जड असल्यामुळे हवेत फार वेळ तरंगत नाहीत. पांघरूण झटकले, उलगडले, अंगावर ओढले की ते उडतात आणि थोड्या वेळात खाली बसतात. झोपायच्या वेळीच शिंका का सुरू होतात, याचे कारण येथे आहे.

माइटला पाणी पिता येत नाही. तो हवेतील दमटपणा शोषून जगतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली बराच काळ राहिली तर तो सुकून मरतो. आता माळव्यातील वर्ष पाहावे. मार्चमध्ये रजया व ब्लँकेटे घडी करून पेटीत जातात. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात माइटची संख्या घटते. पण जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या पावसाळ्यात पेटीतील कापड दमट होते, माइट वाढतात आणि बुरशीही धरते. दिवाळीनंतर थंडी पडते, पेटी उघडते. तोवर माइट मेलेले असले तरी त्यांची विष्ठा तशीच राहते, तिचा गुण महिनोन्‌महिने टिकतो. लग्नाचा हंगामही याच सुमारास सुरू होतो, म्हणजे वर्षातील सर्वांत दूषित पांघरूण नेमके प्रवासाला बाहेर पडते. घरी ते मोठ्या, हवेशीर खोलीत उघडले असते. गाडीत ते काचा लावलेल्या, आठ-दहा माणसांच्या श्वासाने दमटलेल्या खोक्यात उघडले जाते.

लोकरीवरचा आरोप

लोकरीविषयीचा समज जुना आहे. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील त्वचारोगतज्ज्ञांच्या पुढाकाराने मागील शंभर वर्षांतील पुराव्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. लोकरीचा तंतू स्वतः अॅलर्जी निर्माण करतो, याला विश्वासार्ह आधार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. लोकर टोचते हे खरे, पण ते तंतूच्या जाडीमुळे. सुमारे ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतूचे टोक कातडीत रुतते व तेथील मज्जातंतूंना चेतवते. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी म्हणून खाजते, बारीक मेरिनो लोकरीची शाल खाजत नाही. इसब असलेल्या माणसाची कातडी आधीच हुळहुळी असल्याने त्याला ही टोचणी अधिक जाणवते. घोंगडी आणि अंग यांच्यात सुती चादर घातली की हा त्रास बहुधा थांबतो. थांबला नाही तर मात्र कारण दुसरीकडे शोधावे.

बाजारातील स्वस्त ब्लँकेटांची गोष्ट वेगळी. मराठी वाचकाला पानिपत हे नाव १७६१ च्या लढाईमुळे ठाऊक असते. आज तेच शहर जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून पुन्हा सूत काढून ब्लँकेटे विणण्याचे मोठे केंद्र आहे. परदेशातून आलेले जुने स्वेटर, कोट रंगवारीने वेगळे करून, पिंजून हे सूत तयार होते. त्यात लोकर, अॅक्रिलिक, पॉलिएस्टर सारे मिसळलेले असते आणि मूळ कपड्याला कोणता रंग वापरला होता हे कोणालाच सांगता येत नाही. अशा ब्लँकेटने त्रास झाल्यास "लोकर सोसत नाही" असे म्हणणे म्हणजे न पाहिलेल्या साक्षीदारावर निकाल देणे होय.

कापसाच्या रजईबाबतही हेच म्हणता येईल. कापसाचा शुद्ध तंतू निरुपद्रवी असतो. त्यातील धूळ तशी नसते. पिढ्यान्‌पिढ्या रजया पिंजून देणाऱ्या पिंजारी-मन्सुरी कुटुंबांना याची किंमत मोजावी लागली आहे. कापसाच्या धुळीतील जिवाणूंच्या विषारी अंशामुळे छाती आवळण्याचा जो विकार होतो, त्याला बिसिनोसिस म्हणतात. सुटीनंतर कामावर आलेल्या पहिल्या दिवशी तो अधिक जाणवतो. इंदूरच्या ज्या कापड गिरण्यांत असे काम चाले, त्यांपैकी हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. घरोघरी धनुकली घेऊन फिरणारा पिंजारी मात्र अजूनही तोंडाला फडके न बांधता काम करताना दिसतो. रजई पिंजून घेतल्याने घरची धूळ कमी होते, ती त्याच्या छातीत जाते, हे घरच्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

दोन दिवसांनी उठणारे पुरळ

विलंबित प्रकारात दोषी ठरतात ती कापडावरची रसायने. पॉलिएस्टर व नायलॉन रंगवण्यासाठी वापरले जाणारे डिस्पर्स वर्गातील रंग, विशेषतः काही निळे रंग, तंतूला घट्ट चिकटत नाहीत. घाम आणि घर्षण यांमुळे ते कातडीवर उतरतात. सुरकुती पडू नये म्हणून चादरींवर फॉर्माल्डिहाइडयुक्त राळेचा लेप देतात, त्यानेही काहींना त्रास होतो. भारत सरकारने १९९७ मध्ये काही अॅझो रंगांवर बंदी घातली. परंतु ती कर्करोगाच्या भीतीने होती. "अॅझोमुक्त" अशी चिठ्ठी म्हणजे अॅलर्जीपासून हमी नव्हे.

या प्रकारात प्रवाशाची फसगत होते ती वेळेमुळे. सोमवारी रात्री देपालपूरहून निघालेल्या माणसाला नव्या गडद निळ्या ब्लँकेटाचे पुरळ बुधवारी किंवा गुरुवारी पुण्यात उठते. तोवर ब्लँकेट गाडीतच राहिलेले असते आणि दोष पुण्याच्या पाण्याला, पाहुण्यांच्या साबणाला किंवा लग्नाच्या जेवणाला दिला जातो. परतीच्या प्रवासात तेच ब्लँकेट पुन्हा अंगावर येते. मागील तीन दिवसांत अंगाला काय लागले, हा प्रश्न म्हणून आवश्यक ठरतो. पुरळ कोठे आहे, हेही पाहावे. मान, काखेची कड, मांडीची आतली बाजू अशा घासणाऱ्या जागी ते असेल तर कापडाचा संशय बळावतो.

गाडीची हवा

कित्येकदा पांघरूण पूर्णतः निर्दोष असते. अमेरिकेत २००५ च्या कॅटरिना वादळानंतर बेघर झालेल्यांना सरकारने चाकांवरची घरे राहायला दिली. त्यांत राहणाऱ्यांना डोळ्यांची आग, घशाची जळजळ, खोकला असे त्रास होऊ लागले. तेथील रोगनियंत्रण केंद्राने ५१९ घरांची तपासणी करून २००८ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. हवेत फॉर्माल्डिहाइडचे प्रमाण सरासरी अब्जांशी ७७ भाग भरले, ते बहुतेक आधुनिक घरांपेक्षा बरेच जास्त होते. हा वायू प्लायवूड व दाबलेल्या लाकडी फळ्यांच्या गोंदातून सुटतो. उष्णता आणि दमटपणा वाढला की तो अधिक सुटतो. नव्या कोऱ्या कॅराव्हॅनमध्ये, उन्हात उभ्या असलेल्या गाडीत शिरताच डोळे चुरचुरले तर ब्लँकेट बदलून उपयोग नाही. दारे-खिडक्या उघडून गाडी तासभर मोकळी ठेवावी.

रेल्वेची पांघरुणे हाही अनेकांच्या तक्रारीचा विषय आहे. ब्लँकेटे दोन महिन्यांतून एकदा धुतली जातात, असे उत्तर २०१६ मध्ये राज्यसभेत देण्यात आले होते. कोरोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये, ती देणेच बंद झाले आणि मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. महिन्यातून किमान एकदा धुलाई होते, असे २०२४ मध्ये संसदेत सांगण्यात आले. ज्याला दमा आहे त्याच्यासाठी महिन्यातून एकदा हे पुरेसे नाही. त्याने स्वतःची धुतलेली चादर बरोबर ठेवावी.

डांबराच्या गोळ्या आणि खरूज

पेटीत कसर लागू नये म्हणून टाकलेल्या डांबराच्या गोळ्या नॅफ्थलीनच्या असतात. त्यांच्या उग्र वासाने डोके दुखते, खोकला येतो. यापेक्षा गंभीर बाब तान्ह्या मुलांची आहे. काही जणांच्या रक्तपेशींत जी-६-पीडी हे विकर जन्मतःच कमी असते. भारतात पारशी, सिंधी आणि काही आदिवासी समूहांत हा दोष अधिक आढळतो, तो मुलग्यांत जास्त दिसतो. अशा बाळाला नॅफ्थलीनचा वास भरलेल्या ब्लँकेटात गुंडाळले तर रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. हे वावडे नव्हे, ही विषबाधा आहे. पेटीतून काढलेले कोणतेही कापड न धुता बाळाजवळ नेऊ नये.

रात्री वाढणारी खाज आणि बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेवर उठणारे बारीक फोड हे खरजेचे लक्षण आहे. तिचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवस जगतो, म्हणून एकाच पांघरुणात झोपणाऱ्यांत ती पसरते. पहिल्यांदा लागण झाल्यास खाज सुटायला कित्येक आठवडे लागतात. तिला अॅलर्जी समजून स्टेरॉइडचे मलम चोळले की खाज दबते व रोग पसरतो. एकाच वेळी घरातील दोघा-तिघांना खाज असेल तर अॅलर्जीचा विचार मागे ठेवावा आणि सर्वांनी एकत्र उपचार घ्यावेत.

निघण्यापूर्वी आणि रस्त्यात

चादरी, उशांचे अभ्रे ५५ ते ६० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात धुतल्यास माइट मरतात. साध्या पाण्याने माइट मरत नसले तरी विष्ठेतील दोषी प्रथिने बरीचशी वाहून जातात. त्यामुळे गरम पाण्याची सोय नाही म्हणून धुणेच टाळू नये. लोकरीला गरम पाणी चालत नाही. तिला कडक उन्हात दिवसभर पसरून नंतर झाडावी, तीही दम्याच्या माणसाने नव्हे. वाळत घालून काठीने बडवण्याची आजीबाईंची रीत शास्त्रशुद्ध आहे, फक्त ती गाडी निघायच्या दिवशी अंगणात न करता चार दिवस आधी करावी. नवे ब्लँकेट दोन-तीन वेळा धुतल्याशिवाय प्रवासाला घेऊ नये.

दम्याच्या रोग्याचा साल्ब्युटामॉलचा पंप डिकीतील बॅगेत नको, हाताशी हवा. शिंका व पुरळासाठी घेतल्या जाणाऱ्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने त्या घेऊ नयेत. ओठ-जीभ सुजणे, आवाज घोगरा होणे, बोलताना वाक्य पुरे न होणे, यांपैकी काहीही दिसल्यास पांघरुणाची चिकित्सा बाजूला ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

वारंवार पुरळ उठत असेल तर त्वचारोगतज्ज्ञ पॅच चाचणी करतात. पाठीवर संशयित रसायनांच्या चकत्या चिकटवून ४८ तासांनी व पुढे आणखी दोन दिवसांनी त्वचा पाहिली जाते. चाचणीच्या दिवसांत पाठीला पाणी व घाम लागू द्यायचा नसतो, त्यामुळे ती प्रवासाआधी किंवा परतल्यावरच करता येते. तज्ज्ञांकडे जाताना ज्याचा संशय आहे त्या ब्लँकेटाच्या किनारीचा एक तुकडा कापून न्यावा. नेहमीच्या संचात नसलेला रंग कधी कधी त्या तुकड्यामुळेच सापडतो.