नजर चुकवली म्हणजे गुन्हेगार?

कोणी नजर चुकवली की आपण लगेच म्हणतो, "हा नक्कीच काहीतरी लपवतोय." पण स्वमग्न म्हणजेच ऑटिस्टिक व्यक्तींना डोळ्यांत बघणं अवघड जाऊ शकतं. गोंगाटात सूचना कळायलाही वेळ लागतो. पोलिसांना मात्र तो उद्धटपणा वाटतो.

१८ जुलै २०१६ रोजी अमेरिकेतील नॉर्थ मायामी येथे एक ऑटिस्टिक तरुण खेळण्यातला ट्रक घेऊन रस्त्यावर बसला होता. पोलिसाला ते हत्यार वाटलं. शेजारी हात वर करून पडलेले त्याचे काळजीवाहक चार्ल्स किन्से यांच्या पायाला गोळी लागली. तरुणालाही बेड्या पडल्या.

आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. पण समज कायद्याने येत नाही. वर्गात "वर बघून बोल!" म्हणण्याआधी आपणच थोडं थांबूया.