तेराव्या वर्षानंतरची वाट : ज्यू किशोरांच्या एका फेलोशिपविषयी

फेलोशिप हा शब्द महाराष्ट्रातील वाचकांना संशोधकांच्या विद्यावेतनामुळे किंवा शासनाच्या मुख्यमंत्री फेलोशिपमुळे परिचित आहे आणि त्यात निवड होणे व ठरावीक मानधन मिळणे हे दोन्ही अर्थ गृहीत धरले जातात. अमेरिकेतील ज्यू समाजाने गेल्या चार दशकांत शाळकरी मुलांसाठी ज्या फेलोशिप उभ्या केल्या, त्यांत मानधनाचा प्रश्न येत नाही. तेथे या शब्दाचा जुना अर्थ, म्हणजे बरोबरीच्या माणसांची संगत, अधिक खरा ठरतो. पंधरा-सोळा वर्षांची मुले निवडली जातात, काही काळ एकत्र अभ्यास करतात, प्रवास करतात, समाजसेवेची कामे अंगावर घेतात, आणि या खर्चाचा मोठा वाटा देणगीदार उचलतात. उद्योगपती एडगर ब्रॉन्फमन यांनी १९८७ मध्ये सुरू केलेली ब्रॉन्फमन फेलोशिप आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरात १९९८ मध्ये जन्मलेली ‘डिलर टीन फेलोज’ ही या परंपरेतील दोन ठळक नावे होत. पहिलीत दरवर्षी उत्तर अमेरिकेतून मोजकी सव्वीस मुले घेतली जातात आणि तिचा भर ग्रंथांच्या वाचनावर व चर्चेवर असतो. दुसरी अधिक विस्तारलेली असून प्रवास आणि सेवा यांची सांगड तिच्यात जशी घातली गेली आहे, ती बारकाईने पाहण्यासारखी आहे.

या उपक्रमांसाठी हेच वय का निवडले गेले, हे कळण्यासाठी ज्यू जीवनातील एक संस्कार ध्यानात घ्यावा लागतो. मुलगा तेरा वर्षांचा झाला की तो ‘बार मित्झ्वा’, म्हणजे धर्माज्ञांना बांधील असलेला, मानला जातो. मुलींच्या बाबतीत परंपरेने हे वय बारा आहे आणि तिला ‘बात मित्झ्वा’ म्हणतात. मूल त्या दिवशी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, तोराचे, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांचे, वाचन करते आणि धर्माच्या दृष्टीने स्वतःच्या आचरणाला स्वतः जबाबदार होते. अमेरिकेत मात्र या संस्काराला एक उलटा परिणाम चिकटला, तो असा की त्याच्या तयारीसाठी वर्षानुवर्षे हिब्रूच्या वर्गाला जाणारी असंख्य मुले समारंभ आटोपताच तो वर्ग सोडून देतात, आणि जो दिवस प्रवेशाचा असायला हवा तोच निरोपाचा ठरतो. १९९० च्या राष्ट्रीय ज्यू लोकसंख्या सर्वेक्षणाने या काळजीत भर घातली, कारण १९८५ नंतर लग्न केलेल्या अमेरिकी ज्यूंपैकी ५२ टक्क्यांनी ज्यू नसलेला जोडीदार निवडल्याचे त्यात म्हटले होते. या आकड्याच्या गणितावर पुढे अभ्यासकांनी आक्षेप घेतले. परंतु तोवर देणगीदारांचे लक्ष तरुण पिढीकडे वळलेले होते, आणि अठरा वर्षांवरील तरुणांना इस्राएलची विनामूल्य सफर घडवणारी ‘बर्थराइट’ योजना १९९९ मध्ये त्याच लाटेतून निघाली.

डिलर फेलोशिपला जिचे नाव आहे, ती हेलन डिलर सॅन फ्रान्सिस्को परिसरातील एक दानशूर स्त्री होती. तिचे पती सॅनफर्ड यांनी बांधकाम व मालमत्तेच्या व्यवसायात संपत्ती मिळवली, आणि तिचा मोठा भाग या कुटुंबाने शिक्षण व आरोग्यासाठी दिला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील कर्करोग केंद्रालाही हेलनचेच नाव आहे. २०१५ मध्ये तिचे निधन झाले, तोवर एका शहरापुरता असलेला हा उपक्रम अमेरिका, कॅनडा, इस्राएल, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका अशा देशांत पोहोचला होता. रचना सर्वत्र एकसारखी आहे. प्रत्येक गावातून दहावी-अकरावीच्या वर्गांतील साधारण वीस मुले निवडली जातात. ही वीस मुले मुद्दाम एका साच्यातील नसतात, आणि या उपक्रमाची खरी ताकद देशोदेशींच्या प्रवासापेक्षा या लहान गटात आहे.

अमेरिकी ज्यू समाज किती विभागलेला आहे, हे प्यू या संशोधन संस्थेच्या २०२० च्या पाहणीतून दिसते : प्रौढ ज्यूंपैकी ३७ टक्के स्वतःला ‘रिफॉर्म’, म्हणजे काळानुसार आचार बदलावा असे मानणाऱ्या पंथाचे म्हणवतात, १७ टक्के मध्यममार्गी ‘कन्झर्वेटिव्ह’ पंथाचे, ९ टक्के कर्मठ ‘ऑर्थोडॉक्स’ पंथाचे, तर ३२ टक्के कोणत्याच पंथाचे नाव लावत नाहीत. या चारही घरांतील मुले एका खोलीत बसवली की मतभेद सिद्धान्तावरून उद्भवत नाहीत, ते शुक्रवारच्या संध्याकाळी उद्भवतात. ‘शब्बाथ’ म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंतचा विश्रांतीचा काळ. कोकणातील बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव दिले, ते याच व्रतामुळे. फेलोशिपमधील मुले वर्षातून काही वेळा असा संपूर्ण शब्बाथ एकत्र मुक्काम करून घालवतात, आणि त्या मुक्कामाला ‘शब्बाथोन’ म्हणतात. कर्मठ घरातील मुलगी या पंचवीस तासांत दिव्याचे बटणही दाबत नाही; रिफॉर्म घरातील मुलाला मात्र गिटार वाजवून प्रार्थना गाण्यातच शब्बाथचा आनंद वाटतो. मग सामाईक दिवाणखान्यात फोन वापरायचा का, गिटार कुठे वाजवायची, मुलामुलींनी प्रार्थना एकत्र करायची की वेगवेगळी, हे प्रश्न व्याख्यानाने सुटत नाहीत, ते मुलांना एकमेकांकडे पाहून सोडवावे लागतात. विविध मतांना एकाच छताखाली जागा देण्याला ही मंडळी ‘प्लुरॅलिझम’, म्हणजे बहुलता, म्हणतात. तिची कसोटी अशा एका बटणावर लागते.

प्रवासाची रचनाही विचारपूर्वक केलेली आहे. परदेशातील प्रत्येक गटाची इस्राएलमधील एका गावातील तशाच गटाशी जोडी लावलेली असते, आणि तिचा पाया ज्यू एजन्सी या संस्थेने १९९० च्या दशकात सुरू केलेल्या शहरजोडणीत आहे. बोस्टन आणि हैफा, बाल्टिमोर आणि अश्कलोन, पिट्सबर्ग आणि करमिएल-मिस्गाव या जोड्या त्यातल्याच. आधी इस्राएली मुले जोडीच्या गावी पाहुणी म्हणून येतात, आणि उन्हाळ्यात यजमान मुले सुमारे तीन आठवड्यांसाठी इस्राएलला जातात. मुक्काम हॉटेलांतच न राहता त्यातील काही दिवस एकमेकांच्या घरी असतो, आणि या प्रवासाचे मोल त्याच दिवसांत आहे. पर्यटक म्हणून गेलेल्या मुलाला देश दाखवला जातो, पण ज्याच्या घरी आपण गेलो त्यालाच पूर्वी आपल्या घरी जेवू घातलेले असले, तर पाहुणा आणि यजमान यांच्यातील अंतर राहत नाही. इस्राएली मुलांसाठीही हा अनुभव तितकाच उलथापालथ करणारा ठरतो, कारण जेथे ज्यू बहुसंख्य आहेत तेथे ज्यू असण्यासाठी काही करावे लागत नाही, तर पिट्सबर्गमध्ये ती रोजची निवड असते.

सेवेच्या भागासाठी ही फेलोशिप ‘तिक्कून ओलाम’ ही हिब्रू संज्ञा वापरते, तिचा सरळ अर्थ ‘जगाची दुरुस्ती’ असा आहे. आज अमेरिकेत हा शब्दप्रयोग कोणत्याही सत्कार्याला लावला जातो, आणि त्यामुळे त्याची धार बोथट झाली आहे. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या विधिसंग्रहात तो कायद्याचे कारण म्हणून येतो. अपहरण झालेल्या व्यक्तीला सोडवणे हे थोर पुण्य असले, तरी तिच्या योग्य मोलापेक्षा जास्त खंडणी देऊ नये, असा एक नियम तेथे आहे, आणि त्याचे कारण ‘तिक्कून ओलाम’ हे दिलेले आहे. अवाजवी खंडणी मिळू लागली तर अपहरणे वाढतील, असा त्याचा एक अर्थ पुढील भाष्यकारांनी लावला. म्हणजे जगाची दुरुस्ती या कल्पनेच्या उगमाशीच दयेला आवर घालणारा, चांगल्या हेतूचा परिणाम तपासणारा विचार आहे. पुढे सोळाव्या शतकात गालील प्रांतातील सफेद येथे इसहाक लुरिया यांच्या गूढवादी परंपरेने ‘तिक्कून’ या शब्दाला विश्वातील विखुरलेल्या दैवी ठिणग्या पुन्हा गोळा करण्याचा अर्थ दिला, आणि विसाव्या शतकात अमेरिकेत त्याचे समाजसेवेत रूपांतर झाले. किशोरांना हे तिन्ही थर शिकवले गेले, तर सेवेचा त्यांचा विचार अधिक प्रौढ होईल.

तसा विचार करण्याचे कारण उघड आहे. दूरच्या गरीब वस्तीत दोन आठवडे जाऊन भिंती रंगवणाऱ्या श्रीमंत मुलांच्या सेवासहलींवर गेली काही वर्षे जगभर टीका होत आहे, आणि ती योग्यही आहे, कारण अशा भेटींत शिकण्याचा लाभ पाहुण्याला होतो व खर्च यजमान वस्तीला सोसावा लागतो. डिलर फेलोशिपमधील मुले सेवेची कामे आपल्याच गावी, वर्षभराच्या ओळखीतून हाती घेतात, ही तिची जमेची बाजू आहे. याच कुटुंबाच्या प्रतिष्ठानाने २००७ मध्ये सुरू केलेले किशोरांसाठीचे तिक्कून ओलाम पुरस्कारही मुलांनी स्वतः उभ्या केलेल्या कामाला दिले जातात. पुरस्काराची रक्कम ३६,००० डॉलर असण्यामागे एक संकेत दडला आहे : हिब्रू अक्षरांना संख्यामूल्य असते, ‘हाय’ म्हणजे ‘जिवंत’ या शब्दातील दोन अक्षरांची बेरीज अठरा होते, आणि आपल्याकडे आहेराच्या पाकिटात जशी एकावन्न किंवा एकशे एकची रक्कम घालतात, तशी ज्यू घरांत अठराच्या पटीतली देणगी शुभ मानतात.

परदेशातील सेवेचा एक नमुना महाराष्ट्रातही आहे. जेकब श्टोकमन यांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या ‘गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई’ने ठाण्याजवळील कळवा येथील वस्त्यांत मुलांचे शिक्षण आणि पोषण यांची सांगड घातली. तेथे येणारे ज्यू स्वयंसेवक शाळकरी मुले नसून वयाने मोठे तरुण होते, आणि काम स्थानिक संस्थेला व स्थानिक स्त्रियांना सोबत घेऊन चालले. असे काम किशोरांच्या तीन आठवड्यांच्या प्रवासात बसत नाही, आणि ते बसवण्याचा अट्टहास होऊ नये.

दुसरा अवघड प्रश्न इस्राएलच्या प्रवासाचा आहे, आणि तो राजकीय आहे. पॅलेस्टिनी लोकांचे जगणे या सहलींच्या नकाशात कितपत दिसते, हा आक्षेप तरुण अमेरिकी ज्यूंनीच घेतला. २०१८ च्या उन्हाळ्यात काही जण बर्थराइटची सहल अर्धवट सोडून वेस्ट बँकमधील हेब्रॉन या पॅलेस्टिनी शहरात गेले, तेव्हा तो सर्वांसमोर आला. किशोरांना वादापासून लांब ठेवणे हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही, कारण ज्या परंपरेत हिल्लेल आणि शम्माई या दोन गुरुकुलांचे परस्परविरोधी निर्णय आदराने जपून ठेवले गेले, तिच्या मुलांना वादाची भीती घालणे ही त्या परंपरेशीच प्रतारणा ठरेल. इस्राएलवरील ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर आणि त्यापुढच्या गाझातील युद्धानंतर हा प्रश्न अधिक वेदनादायक झाला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या जोडीचे किर्यात श्मोना हे लेबनॉन सीमेवरील गाव त्याच महिन्यात रिकामे करावे लागले आणि रहिवाशांना परतीची वाट २०२५ च्या वसंतात मिळाली. एकमेकांच्या घरी राहण्यावर आधारलेल्या योजनेत घरेच रिकामी होणे म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

या सगळ्या उपक्रमांच्या मुळाशी ‘ज्यू कोण’ हा प्रश्न आहे, आणि तो कधीकधी गटातील मुलांकडूनच बोचऱ्या रीतीने विचारला जातो. उदाहरणार्थ, अँजेला बुकडाल यांचे वडील अमेरिकी ज्यू आणि आई कोरियन बौद्ध. सोळाव्या वर्षी ब्रॉन्फमन फेलो म्हणून इस्राएलला गेल्या असता, आई ज्यू नसल्याने त्या ज्यू नाहीत, असे सोबतच्या मुलींनी त्यांना सुनावले. पारंपरिक नियमाने ज्यूपण आईकडून येते, तर अमेरिकेतील रिफॉर्म पंथाने १९८३ मध्ये वडिलांकडूनही ते मान्य केले होते. बुकडाल पुढे अमेरिकेतील पहिल्या आशियाई वंशाच्या रब्बी, म्हणजे धर्मगुरू, झाल्या. मराठी ज्यूंना ही जखम अनोळखी नाही. इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्राएलांच्या विवाहांबाबत तेथील धर्मपीठाने शंका काढल्या, तेव्हा त्यांनी दीर्घ आंदोलन केले आणि १९६४ मध्ये त्यांचे पूर्ण ज्यूपण शासनाने मान्य केले.

भारतात आता काही हजार ज्यूच उरले आहेत. हंगेरीतील सार्वाश येथे १९९० पासून चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय ज्यू शिबिरात पूर्व युरोपातील मुलांबरोबर भारतातील ज्यू मुलेही येतात. गटातील वेगळेपणाचा प्रश्न त्यांच्यापुढेही आहे, कारण रिफॉर्म, कन्झर्वेटिव्ह आणि ऑर्थोडॉक्स या अमेरिकी कप्प्यांत बेने इस्राएलांची घडण बसत नाही. पोहे, खोबरे आणि फळांचे ताट मांडून एलियाहू हन्नाबीच्या नावाने ‘मलिदा’ करण्याची त्यांची रीत त्यांच्याच घरांत वाढली, आणि या संदेष्ट्याच्या रथाच्या खुणा अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या कातळावर आहेत, अशी त्यांची श्रद्धा आहे.